डाव्या मागच्या चाकाखालचा लाल ओघळ

“आधी घासा, मग बोला.”

तोकुजीसानच्या तोंडी हे वाक्य कायमचं वस्तीला होतं. गाडीला काय झालंय विचारा, हे उत्तर. यंदा मुळा कसा आलाय विचारा, तरी हेच. एकदा आमच्या देवळाच्या भटजींनी आत्म्याच्या शुद्धीवर अर्धा तास प्रवचन दिलं, तेव्हा मागच्या रांगेतून हेच वाक्य ऐकू आलं. भटजी हसले. तोकुजीसान हसले नव्हते.

आमचं इसोबे म्हणजे डोंगर आणि समुद्राच्या फटीत बसलेली साठ घरं. हिवाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि ओठांवर मीठ ठेवून जातो. बर्फ पडला की तो वितळावा म्हणून रस्तेखात्याची गाडी पहाटे येऊन डांबरावर वेगळं मीठ शिंपडते. “एका अंगाने समुद्र, दुसऱ्या अंगाने सरकार,” तोकुजीसान म्हणायचे, “आणि मधे बिचारं लोखंड.”

इथे प्रत्येक घराच्या पडवीत चार चाकं जास्तीची असतात. नोव्हेंबरात बर्फाची चाकं चढतात, एप्रिलात उतरतात. नोरो तोकुजी हे माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. शहरातल्या बस डेपोच्या कारखान्यात चौतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. ते गावातल्या गाड्यांची चाकं आपल्या पडवीत बदलून देत. फुकट. पण फुकटाचीही एक किंमत असते, ती वेळात मोजून द्यावी लागे.

शहरात टायरवाला हवेची गन लावून दहा मिनिटांत चारही चाकं बदलतो. तोकुजीसानना एका गाडीला दीड तास लागे. कारण चाक उतरलं की ते नव्या चाकाकडे बघतच नसत. ज्या लोखंडी तबकडीवर चाक टेकतं तो हब, त्याच्यासमोर ते लाकडी ठोकळ्यावर बसत आणि तारेचा ब्रश हातात घेत. खर्र, खर्र, खर्र. लाल भुकटी त्यांच्या बाह्यांवर, भुवयांवर, चहाच्या कपात. हबमध्ये स्वतःची भुवई दिसेपर्यंत हात थांबत नसे.

“तोकुजीसान, रात्रभर गाडी ओल्यात उभी होती, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढलाय हो,” असं कोणी घाबरून सांगितलं की ते चिडत. “तो गंज नव्हे, ते सकाळचं दहिवर. कोपऱ्यावर दोनदा ब्रेक दाब, पुसून जाईल. दिसतो त्याला काय घाबरतोस? चाकाच्या पाठीमागे बसलाय त्याला घाबर.”

आणि मग समजावत. त्यांच्या बोलण्यात एवढी एकच गोष्ट हळुवार असे. हबवर गंजाचे पापुद्रे असले की चाक लोखंडावर बसत नाही, पापुद्र्यांवर बसतं. नट आवळला की वाटतं घट्ट झालं. मग गाडी चालते, हादरे बसतात, पापुद्र्यांचं पीठ होतं आणि तेवढी फट पडते. नट कोणी सैल केला नाही, तरी तो सैल होतो. म्हणून चाकं बदलल्यावर शंभर किलोमीटरनी परत येऊन नट आवळून घ्यायचे. ते प्रत्येक गाडीच्या आरशाला तशी चिठ्ठी बांधत.

कोणी येत नसे. मग ते स्वतः जात. माझ्या थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धाला आम्ही आत सूत्रपठणाला बसलो होतो आणि बाहेर देवळाच्या आवारात काळ्या सुटातले तोकुजीसान एकेका गाडीपाशी उकिडवे बसून नट आवळत होते. कट्ट, कट्ट. त्यांचा तो पाना पुरेसा जोर लागला की कट्ट वाजतो. आत घंटा, बाहेर पाना. भावाला दोन्ही ऐकू गेलं असेल.

लोक हसत. त्यांना हसलेलं कळे आणि सहन होत नसे. अशा माणसाच्या वाट्याला तो डिसेंबर आला.

त्यांची बायको हात्सुएसान. तीन वर्षांपूर्वी झटका येऊन तिचा डावा पाय लुळा पडला. मंगळवारी आणि शुक्रवारी वृद्ध केंद्राची पांढरी व्हॅन तिला न्यायला येई. तिथे गरम पाण्याची आंघोळ, जेवण, कागदाच्या घड्या आणि दुपारी गाणी. हात्सुएसान घरात फार बोलत नसे, पण त्या दोन दिवशी सकाळी सहापासून ओठांना लाली लावून चाकाच्या खुर्चीत तयार बसे. परत आली की माझ्या कुंपणाशी खुर्ची थांबवून मला त्या दिवशीचं गाणं ऐकवी. आवाज कापरा, पण सूर पक्का.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी व्हॅनचा शिडीफळा खाली आला. मुरोई, म्हणजे चालक, हात्सुएसानची खुर्ची वर ढकलत होता. तोकुजीसान नेहमीप्रमाणे मागे उभे. त्यांची नजर डाव्या मागच्या चाकावर गेली. एका नटाखालून लाल ओघळ निघून चाकाच्या पांढऱ्या रंगावर दोन बोटं उतरला होता. रडल्यासारखा.

“मुरोई, हा नट सैल आहे.”

मुरोई वाकला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कोणाला नाही म्हणताना घाम फुटणारा माणूस. “गंज आहे, तोकुजीसान. इथे माझ्या चष्म्यालाही गंज आहे.”

“गंज असा एका नटातून रडत नाही. नट हलला की आतली भुकटी पाण्याबरोबर बाहेर येते. थांब, पाना आणतो.”

“नका हो. केंद्राच्या गाडीला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही, नियम आहे. मी रोज सकाळी हातोडीने नट ठोकून बघतो, तक्त्यात खूण करतो. हे बघा.”

“तक्त्याने आवळला जातो का नट?”

“ऑक्टोबरात तपासणी झालीय. तुमच्याच जुन्या डेपोत. खालून नवी कोरी काळी करून दिलीय ससामोरीसाननी.”

ससामोरी हा तोकुजीसानच्या हाताखाली तयार झालेला. ते नाव ऐकून त्यांचे खांदे थोडे सैलावले. “डेपोत झालंय तर ते काम चोख. घोळ घातलाय नंतर चाकं बदलणाऱ्या टायरवाल्याने. दहा मिनिटांत चार चाकं! घासलं असेल का त्याने?”

“मी वरती सांगतो,” मुरोई म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. व्हॅन गेली.

तोकुजीसाननी त्याच दुपारी केंद्राला फोन केला. व्यवस्थापिका कुसाकाबेसान फार गोड बोलल्या. काळजी वाटायला लावल्याबद्दल त्यांनी चारदा माफी मागितली. शुक्रवारी ओघळ तिथेच होता, अर्धं बोट लांब झालेला. त्यांनी पत्र लिहिलं. नट कसा असतो याची आकृती काढली. उत्तरादाखल मुरोईच्या हातून तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा आला, जांभळ्या रुमालात बांधलेला, आत माफीची चिठ्ठी.

ते डबा घेऊन माझ्याकडे आले. रागाने कान लाल झाले होते.

“योनेकुरासान, बघा. काय सुबक गाठ मारलीय रुमालाला! एवढी मेहनत त्या नटावर केली असती तर?”

“चकत्या तरी चांगल्या आहेत का?”

“चांगल्या आहेत,” ते खात म्हणाले. “त्याचाच जास्त राग येतो.”

पुढच्या मंगळवारी त्यांनी हात्सुएसानला जाऊ दिलं नाही. व्हॅन आली, शिडीफळा उतरला, तोकुजीसान दारात आडवे उभे. शुक्रवारीही तेच. हात्सुएसान लाली लावून खुर्चीत बसली होती, तशीच खिडकीपाशी बसून राहिली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“अहो, आज वर्षअखेरीची गाणी बसवणार आहेत.”

“घरी म्हण.”

“घरी कोणापुढे? तुमच्या ब्रशापुढे?”

“चाक निखळलं तर?”

“तर निखळू दे. इथे बसून मी गंजतेय ते तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला फक्त गाडीचा दिसतो.”

मग मोरीत ब्रश आपटल्याचा आवाज आला.

नंतरच्या मंगळवारी त्यांनी तिला बसू दिलं. व्हॅन निघाली आणि तिच्यामागे त्यांचा छोटा पांढरा ट्रक निघाला. केंद्रापर्यंत अकरा किलोमीटर, डाव्या मागच्या चाकावर नजर ठेवून, तीन हात अंतरावर. संध्याकाळी परत तसंच. व्हॅनच्या मागच्या काचेतून म्हाताऱ्या त्यांना हात हलवायच्या. ब्याण्णव वर्षांच्या सेत्सुआजी हात्सुएसानला म्हणाल्या म्हणे, “तुझा नवरा बघ कसा मागे लागलाय. माझा तर लग्नाआधीसुद्धा असा लागला नव्हता.” गावाला आठवडाभर पुरेल एवढं हसू मिळालं.

केंद्राने तक्रार केली. तीही गोडच. मग चौकीवरचा शिपाई टोपी हातात घेऊन आला, ओट्यावर बसला, चहा प्यायला. म्हणाला, “आजोबा, मागून इतकं खेटून चालवणं बरं नाही. शहात्तर वय आहे. हल्ली पुष्कळ जण आपणहून लायसन परत करतात. कोणी जबरदस्ती करत नाही, नुसता विचार करा.”

तोकुजीसान आत गेले, लायसन घेऊन आले आणि त्याच्या चहाच्या बशीत ठेवलं. “विचार झाला.”

शिपाई बिचारा गोंधळला. ते असं बशीत घेता येत नाही, अर्ज लागतो, असं सांगत होता. पण तोकुजीसाननी दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बसने शहरात जाऊन अर्ज भरून आले. ट्रक पडवीत उभा राहिला. रागात माणूस स्वतःचेच पाय कापतो आणि वर ताठ उभा राहू बघतो, तसं झालं होतं त्यांचं. चार दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत.

मग एका मंगळवारी, मुरोई हात्सुएसानच्या खुर्चीचे पट्टे बांधत असताना, मी माझ्या अंगणातून पाहिलं. तोकुजीसान बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखे डाव्या मागच्या चाकाशी वाकले. हातात पांढरा रंगपेन. सहाही नटांवरून चाकापर्यंत एकेक सरळ रेघ ओढली. नट जिथल्या तिथे राहिला तर रेघ सरळ राहील, हलला तर तुटेल. मग उठले आणि मुरोईला वाकून नमस्कार केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मुरोई खूश झाला.

शुक्रवारी सकाळी पाण्यासारखा बर्फ पडत होता. व्हॅनमध्ये आधीच पाच जण बसलेले. तोकुजीसाननी मुरोईला हाक मारली नाही, नुसतं बोटाने चाक दाखवलं. मीही कुंपणापाशी गेलो. सहापैकी चार रेघा सरळ होत्या. दोन तुटल्या होत्या. एक नखाएवढी, एक अर्ध्या बोटाएवढी.

मुरोईने टोपी काढली. “ही रेघ कोणी ओढली?”

“मी. मंगळवारी. सरळ ओढली होती. आता बोल.”

मुरोईने खिशातून फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, “पाना आणा, तोकुजीसान.”

पाच म्हातारी माणसं आणि हात्सुएसान माझ्या ओसरीवर आली. माझ्या बायकोने स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, धुरावलेल्या मुळ्याच्या चकत्या आणि वाळवलेली पर्सिमॉनची फळं काढली. मुरोईने शिडीफळ्यावर उभं राहून केंद्राला फोन केला. “गाडी थांबवलीय... नाही, मी थांबवलीय, मीच,” एवढं ऐकू आलं.

तोकुजीसाननी पाना लावला. पहिल्या नटाला लगेच कट्ट वाजायला हवं होतं. पाना फिरत राहिला. पाव फेरी, अर्धी फेरी, लोण्यात फिरल्यासारखा. मुरोईचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला. “मी रोज ठोकत होतो,” तो म्हणाला. “रोज.”

“आधी घासा, मग बोला,” तोकुजीसान म्हणाले. आवाजात विजय होता, खोटं कशाला सांगू. तीन आठवड्यांचा अपमान, चकत्यांचा डबा, बशीतलं लायसन, सगळं त्या चार शब्दांत वसूल होत होतं. त्यांनी जॅक लावला, नट काढले, चाकाला आतून बुटाची टाच मारली. चाक सुटून हातात आलं. “आता बघू तुझ्या टायरवाल्याची करामत.”

हब काळा होता. जाड, चकचकीत, तपासणीआधी गाडीच्या पोटाला मारतात तो काळा रंग. चाक टेकतं त्या तोंडावरही मारलेला. दाबाने तो चिरडून कडेला मुरडला होता आणि जिथून उडाला होता तिथे आत लाल पापुद्रे, वाळक्या पानांच्या थरासारखे. न घासता, गंजावरच रंग दिला होता. आणि अगदी मधोमध, चिंधी बोटाला गुंडाळून रंग पुसावा तशी एक स्वच्छ गोल कड ठेवलेली.

तोकुजीसानचा हात त्या कडेशी थांबला. बर्फ त्यांच्या टोपीवर साचत होता.

“काय झालं?” मुरोईने विचारलं.

“ही कड...” ते म्हणाले. “ही अशी पुसायला मी शिकवलं. ससामोरीला. सगळ्यांनाच. तपासणीवाला वाकला की चाकाच्या मधल्या भोकातून त्याला ही कड नेमकी दिसते. बरी दिसते. त्याला वाटतं किती निगुतीने काम केलंय.”

“पण तुम्ही तर घासल्याशिवाय...”

ओसरीवरून हात्सुएसानचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्टोव्हपासून चाकापर्यंत पोचला.

“तेव्हा हे वेगळं म्हणायचे. चौतीस वर्षं यांच्या नखातला काळा रंग मी काढलाय. रोज जेवताना ऐकलंय. आधी रंगवा, मग बोला.”

सेत्सुआजींनी मुळ्याची चकती तोंडात धरली होती, ती चावायचीही राहिली.

तोकुजीसान बायकोकडे बघत नव्हते. हबशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दिवसाला नऊ गाड्या यायच्या. घासायला वेळ कुठला? काळं कुळकुळीत दिसलं की शिक्का मिळायचा. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा माझ्याच ट्रकचं चाक सावकाश काढलं, तेव्हा कळलं आपण काय झाकत होतो.” मग थोडं थांबून, “कळल्यावर डेपोत जाऊन सांगायला हवं होतं. मी गावातल्या गाड्या घासत बसलो.”

आणि मग घासायलाच बसले. खर्र, खर्र. आधी खरवडणीने काळा रंग काढला, मग लाल. मुरोई त्यांच्या बाजूला गुडघे टेकून बसला आणि दुसरा ब्रश मागितला. नेहमीसारखे ते मुरोईवर खेकसले नाहीत, की असा नाही तसा धर. चारही चाकं काढली. चारही हब तसेच निघाले, काळे, मधे स्वच्छ कड. तीन तास गेले. केंद्रातली आंघोळीची वेळ टळली, सेत्सुआजींनी त्यावरून मुरोईला सुनावलं, आणि मग हात्सुएसानने वर्षअखेरीचं गाणं सुरू केलं, कारण नाहीतर ते कुठे म्हणायचं होतं? पाचही जण मागे म्हणायला लागले. खाली ब्रश, वर गाणं. तोकुजीसानची मान वर झाली नाही, पण एका कडव्यापाशी ब्रश थांबला होता, ते मी पाहिलं.

चाकं चढली. समोरासमोरचे नट जोडीने आवळले. चोवीस वेळा कट्ट वाजलं. तोकुजीसाननी आरशाला चिठ्ठी बांधली. “शंभर किलोमीटर. पाच फेऱ्यांत होतील. मी नसलो तरी तू आवळ.”

“आवळेन,” मुरोई म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याने माफी मागितली नाही.

म्हातारी माणसं परत गाडीत बसली. हात्सुएसानची खुर्ची वर जाताना तोकुजीसाननी विचारलं, “मुरोई, ऑक्टोबरात डेपोत आणखी कोणाच्या गाड्या होत्या?”

“पुष्कळांच्या. शाळेची बसही तिथेच जाते.”

तोकुजीसाननी मान डोलावली. माझ्याकडे जुना पेपर मागितला. त्यात तारेचा ब्रश गुंडाळला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. हात धुतले नाहीत.

“बसा ना गाडीत, शहरातच चाललोय,” मुरोई म्हणाला.

“ती जागा आजाऱ्यांची. बारा पन्नासची बस आहे. डेपोची.”

“ससामोरीसानना काय सांगणार?”

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तेच वाक्य येणार. ते आलं नाही. “ठाऊक नाही,” ते म्हणाले, आणि समुद्राच्या बाजूच्या उताराने बसथांब्याकडे निघाले. मिठाने भिजलेल्या रस्त्याच्या कडेकडेने, खिशातला ब्रश छातीशी धरून, भुवयांवर लाल भुकटी घेऊन.

मुरोईने गाडी सुरू केली नव्हती. हात्सुएसानने बाहीने काच पुसली आणि त्या स्वच्छ केलेल्या गोलातून ती बघत राहिली, वळणापर्यंत. मी कुंपणाशी उभा होतो. मीही बघत होतो.